दोन हाका आणि एक ‘हं’

त्याला सगळे सबूर म्हणत. तोंडावर सर, पाठीमागे सबूर. हे नाव त्याने स्वतःच कमावलेलं होतं. विमान कंपनीत नव्याने आलेल्या सहवैमानिकांना शिकवताना तो पहिल्याच दिवशी विचारायचा, "घंटा वाजली, लाल दिवा लागला, की आधी काय करायचं?" पोरं पाठ केलेली उत्तरं फाडफाड म्हणून दाखवायची. तो सगळी ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "चूक. आधी सबूर. दोन्ही हात मांडीवर. एक श्वास. तेवढ्या श्वासात विमान कुठे पळून जात नाही. घाईने चुकीचा खटका ओढून माणसं मेली आहेत, सबुरीने कुणी मेलेलं नाही."

शेवटचं वाक्य पुरतं खरं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण भित्र्याला शिकवताना थोडं खोटं बोलावं लागतं.

घरीही तो असाच. एकदा टोस्टरमधून धूर निघाला, तेव्हा हा टेबलाशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. बायकोने धावत येऊन वायर उपसली. "घर जळून खाक होऊ दे, तुमचे हात मांडीवरच," ती म्हणाली.

"मी बघत होतो, धूर वाढतोय की कमी होतोय."

"मग? काय निष्कर्ष निघाला?"

"वाढत होता."

ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. दिवसभर तिच्या कानांवर अर्धीमुर्धी उत्तरं पडत, म्हणून घरी तिला पूर्ण वाक्यं हवी असत. आणि सबूरला एक खोड होती. काही विचारलं की तो "हं" म्हणायचा. भाजीवाला आला होता का? हं. दार लावलंत? हं. आपलं लग्न कुणाशी झालंय? हं. "हं हे उत्तर नव्हे," ती म्हणायची. "हं म्हणजे हो? नाही? ऐकलं? की नुसता आवाज आला म्हणून आवाज काढला?" यावरही तो हं म्हणायचा, आणि ती हसायची, नाहीतर तणतणायची, ते त्या दिवशी वर्गात काय झालंय त्यावर अवलंबून असे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिने आपल्यापुरता नियम करून टाकला होता. दोन हाका मारायच्या. तिसऱ्यांदा थेट जाऊन टीव्ही बंद करायचा.

हा नियम मूळचा त्याचाच. म्हणजे त्याच्या धंद्यातला. कॉकपिटमध्ये दोघं बसतात. एक विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. चालवणारा उंची चुकला, दिशा चुकली, वेग चुकला, की दुसऱ्याने हाक मारायची. उत्तर आलं नाही तर पुन्हा मारायची. दोन हाकांना धड उत्तर नाही, याचा अर्थ शेजारचा माणूस तिथे नाही. खुर्चीत बसलेला असला तरी नाही. झटका आला असेल, भोवळ आली असेल, किंवा नुसता कशात तरी अडकला असेल. मग विचारत बसायचं नाही. विमान आपल्या हातात घ्यायचं. कॅप्टन असो, गुरू असो, बाप असो.

सबूरने हे शेकडो वेळा शिकवलं होतं. प्रत्येक उड्डाणाआधी तो शेजारच्याला हे म्हणून दाखवायचा. इतक्यांदा म्हणून झालं होतं की शब्द गुळगुळीत झाले होते, पत्राच्या शेवटी लिहितात त्या ‘घरच्यांना नमस्कार’सारखे. त्यातलं कुणी घरी आहे की नाही, हे कोण बघतं?

आधी घडलेली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

काही आठवड्यांपूर्वी विमान खाली आणताना वारा एकदम फिरला आणि वेगाचा आकडा लाल पट्टीत घुसला. लाल पट्टी म्हणजे याहून जास्त वेग नको. पंखांवर, शेपटीवर भलता ताण येतो. सबूरने नियमाप्रमाणे हात मांडीवर नेले नसले, तरी मनात नेले. एक श्वास घेतला. तेवढ्या श्वासात आकडा आणखी वर गेला. मग त्याने वेग आवरला. कुणाला काही झालं नाही, कुणाच्या चहाचा थेंबही सांडला नाही. पण विमान तपासणीसाठी उभं करावं लागलं, प्रवासी खोळंबले. तपासणीत एक तडाही सापडला नाही.

मुख्य वैमानिकाने त्याला खोलीत बोलावलं. हा मुख्य वैमानिक कधीकाळी त्याच्याच हाताखाली शिकलेला. दोघांनाही एकमेकांना काय म्हणावं ते सुचेना.

"सर, बसा ना."

"बसतो, साहेब."

"साहेब काय म्हणता, सर…"

"मग काय म्हणू? ‘तू’ म्हटलं तर रागावता येणार नाही तुम्हाला."

मुख्य वैमानिक कसंनुसं हसला. मग टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाला, "वर बसलेल्यांना सबूर हे नाव माहीत नाही, सर. त्यांना आकडा माहीत आहे. हे पुन्हा झालं, तर मला तुम्हाला डाव्या खुर्चीतून उठवावं लागेल. तोंडाने सांगतोय, कारण कागदावर सांगायची वेळ येऊ नये."

डावी खुर्ची म्हणजे कॅप्टनची खुर्ची. सबूरने आयुष्यात मिळवलेली ती एकच वस्तू. घर बायकोच्या नावावर होतं, गाडी जुनी होती, केस गेले होते. ती खुर्ची तेवढी होती.

"कळलं का, सर?"

"हं," सबूर म्हणाला.

त्या दिवसापासून त्याची नजर बदलली. चांगला वैमानिक नजर फिरती ठेवतो. पडद्याच्या मध्यावरचं कृत्रिम क्षितिज, मग उंची, मग वेग, मग दिशा, पुन्हा क्षितिज. अंगणात पाखरू दाणे टिपतं तशी. सबूरची नजर आता एकाच दाण्याशी थांबू लागली. डावीकडचा वेगाचा आकडा. एकदा चोरी करताना धरलेल्या गड्याकडे आपण बघतो तसा तो त्या आकड्याकडे बघायचा. त्याच्या हातून काम काढून घेता येत नाही, आणि पाठ फिरवायचीही सोय नाही.

जमिनीवरही तेच. गाडी इतकी हळू चालवू लागला की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकत आणि पुढे जाताना काच खाली करून त्याच्या तोंडाकडे बघून जात. "चालत निघालो असतो तर एव्हाना पोचून कंटाळलो असतो," बायको म्हणाली.

"हं."

"दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून प्यावं, हे ठीक. तुम्ही पाणीसुद्धा फुंकताय."

तो वेगाच्या काट्याकडे बघत होता. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

ज्या उड्डाणाबद्दल सांगायचं ते दुपारचं होतं. उजव्या खुर्चीत धाकटी होती. सगळ्या सहवैमानिकांत वयाने लहान, म्हणून धाकटी. उंचीनेही लहान, त्यामुळे खुर्ची पुढे ओढून ओढून ती जवळजवळ काचेला टेकायची. तिला सबूरनेच शिकवलं होतं. ती त्याला भीत नसे, पण त्याच्यासमोर चुकायला भीत असे, आणि हे दुसरं भय जास्त वाईट.

विमान तेच, तपासणीवालं. काम संपूनही ते हँगरबाहेर उघड्यावर पडून राहिलं होतं. सबूरने त्याला नेहमीसारखी फेरी घातली. चाकं, पंख, इंजिनांची तोंडं. मग नाकाजवळच्या नळ्या. बोटभर जाडीच्या, पुढे तोंड केलेल्या. धावत्या विमानाच्या तोंडावर येणारी हवा या नळ्यांत शिरते आणि तिच्या दाबावरून आत वेगाचा आकडा ठरतो. एक नळी डाव्या खुर्चीच्या आकड्याची, एक उजवीच्या, आणि एक मधल्या राखीव चौकटीची. तीन साक्षीदार, तिघांचे कान वेगवेगळे, म्हणजे एक खोटं बोलला तर बाकीचे दोघे पकडून देतील. सबूरने तिन्हींची तोंडं पाहिली. साफ होती. नळीच्या पोटाखाली टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, आत गेलेलं पाणी झिरपून जायला. ते खालून, वाकून, विजेरी लावूनही धड दिसत नाही.

खुर्चीत बसल्यावर त्याने धाकटीला ते गुळगुळीत शब्द म्हणून दाखवले. "मी चुकलो तर हाक मार. उत्तर नाही आलं तर दुसरी. दुसऱ्यांदाही नाही, तर विमान तुझं."

"हो सर."

विमान धावपट्टीवर सुटलं. धाकटीने आपला आकडा मोठ्याने वाचला. "शंभर."

"जुळतं," सबूर म्हणाला. त्याच्याकडेही शंभरच होता. त्या क्षणी तिन्ही साक्षीदार खरं बोलत होते.

मग ढग. करडे, ओले, संपता न संपणारे. ढगात शिरल्यावर खिडकी ही भिंत होते. आपण वर चाललोय की खाली, तिरपे की सरळ, हे शरीराला कळत नाही. कळतंय असं वाटतं, हेच धोक्याचं. शरीर सराईत खोटारडं आहे. म्हणून तर माणसाने काट्यांवर विश्वास ठेवायला शिकून घेतलं. आणि काटाच खोटं बोलू लागला तर कुणावर ठेवायचा, हेही.

ऑटोपायलटवर विमान वर चढत होतं. सबूरची नजर डाव्या आकड्यावर. आकडा वाढला. थोडासाच. मग आणखी. विमानाने आपणहून नाक किंचित उचललं, वेग आवरायला, जसा चढावर वेग आवरतो. तरी आकडा वाढतच राहिला.

आलं, सबूरला वाटलं. पुन्हा आलं.

आकडा लाल पट्टीला टेकला आणि खटखटाट सुरू झाला. वेग मर्यादेबाहेर गेला की हा आवाज होतो. लाकडी दारावर कुणी चाव्यांचा जुडगा आपटत राहावा तसा. तो आवाज माणसाला विचार करू देत नाही, तो त्यासाठीच बनवलेला आहे.

सबूरचे हात मांडीवर गेले नाहीत. मागच्या वेळी एक श्वास घेतला होता आणि तेवढ्याने घात केला होता. या वेळी त्याने श्वास घेतला नाही. ऑटोपायलट सोडवला, इंजिनांची ताकद मागे ओढली, नाक वर ओढलं.

"सर, स्पीड," धाकटी म्हणाली.

ही पहिली हाक.

"हं," सबूर म्हणाला.

धाकटीच्या आकड्यात वेग वाढत नव्हता. कमी होत होता, झपाट्याने. मधल्या राखीव चौकटीतही तेच. वेग जुळत नाहीत अशी पिवळी ओळ पडद्यावर कधीची लागून होती, पण खटखटाटात ती ओळ म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर. तिने सबूरकडे पाहिलं. सर हं म्हणाले. म्हणजे सरांनी ऐकलं. सरांना दिसतंय. सर काहीतरी करताहेत जे मला अजून कळत नाहीये. नियमाचं घड्याळ तिच्या मनात चालू झालं होतं. त्या एका ‘हं’ने ते थांबलं.

विमानाचं नाक चढत राहिलं. वारा काचेवर घासून जो आवाज करतो तो बारीक झाला. वेग खरंच जास्त असता तर तो मोठा व्हायला हवा होता. सबूरने आयुष्यभर हा आवाज ऐकला होता. त्या दिवशी त्याला फक्त खटखटाट ऐकू येत होता.

"सर! माझ्याकडे स्पीड कमी होतोय. मधलंही कमी दाखवतंय. तुमचंच चुकतंय!"

ही दुसरी.

"हं… ओव्हरस्पीड," सबूर म्हणाला. आकड्याकडे बघत. आणखी ओढत.

मग दोघांच्या समोरचं जोडलेलं सुकाणू थरथरू लागलं. ही थरथर यंत्रच करतं, सावध करायला: पंखांवरची हवा सुटत चाललीये, आता विमान उडणार नाही, दगडासारखं पडेल. खटखटाट सांगत होता की फार वेगात आहेस. थरथर सांगत होती की फार हळू आहेस. दोन्ही एकाच वेळी. अशा वेळी बरेचसे जण यंत्रांनाच वेड लागलं असं समजतात आणि जे करत होते तेच आणखी जोराने करतात.

धाकटीने सुकाणू धरलं. "कंट्रोल माझ्याकडे."

याला एकच उत्तर असतं. ‘कंट्रोल तुझ्याकडे.’ आणि हात सोडायचे. सबूरने ना उत्तर दिलं, ना हात सोडले. ती पुढे ढकलत होती, तो मागे ओढत होता. त्याला ते कळतही नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की कुणीतरी त्याला खुर्चीतून उठवतंय.

ताकदीत ती त्याला पुरी पडली नसती. ती ओरडली, आणि जे ओरडली ते नियमपुस्तकात नव्हतं.

"सबूर! हात मांडीवर!"

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडावर त्याला सबूर कुणी म्हटलं नव्हतं.

त्याने हातांकडे पाहिलं. ते दुसऱ्याच कुणाचे असावेत असे पांढरे पडले होते. त्याने बोटं उघडली. एकेक करून नाही. एकदम, गरम भांडं सुटावं तशी. हात मांडीवर आले.

"कंट्रोल तुझ्याकडे," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण वाक्य पूर्ण होतं.

धाकटीने नाक खाली घातलं. पोटात खड्डा पडला, मागे कुणीतरी किंचाळलं, काहीतरी घरंगळत गेलं. थरथर थांबली. काचेवरचा वारा परत आला. मग तिने हलक्या हाताने नाक सपाटीला आणलं आणि इंजिनांना ताकद दिली, आणि आता सबूर पाहत होता, खरोखर पाहत होता, मधल्या राखीव चौकटीकडे. छोटीशी, जुनाट दिसणारी, कुणी लक्ष देत नाही अशी चौकट. ती पहिल्यापासून खरं बोलत होती. बाजूच्या खिडकीतल्या म्हातारीसारखी. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"डावं खोटं आहे," तो म्हणाला. "उजवं आणि मधलं जुळतं. तू आपल्याच आकड्यावर चाल. आणि त्यावरही आंधळा विश्वास नको. नाक किती, ताकद किती?"

हा त्याचाच धडा. वेगाचे सगळे काटे मेले तरी विमानाचं नाक ठरावीक कोनात आणि इंजिन ठरावीक ताकदीवर ठेवलं, तर वेग आपोआप ठरावीकच राहतो. तो दिसो वा न दिसो. स्वयंपाकात वजनकाटा नसला तरी हाताला माप असतं, तसं.

तिने दोन्ही आकडे सांगितले. त्याने पुस्तिका उघडून तक्त्याशी ताडून पाहिले. "जुळतं. सरळ ठेव. मी बोलतो नियंत्रकाशी."

तो बोलला. अडचण आहे, वेगाचं यंत्र बिघडलंय, परत येतोय, वाट मोकळी ठेवा. आवाज नेहमीसारखाच होता, कंटाळवाणा. मग मागच्या केबिनमधून फोन आला. केबिनची मुख्य, जिला सगळे ताई म्हणत, धापा टाकत होती. "मागे पेले छताला लागलेत. एकाच्या अंगावर दुसऱ्याचा चहा आहे. काय सांगू लोकांना?"

"सांग की विमान ठीक आहे आणि आपण परत चाललोय. कुणाला लागलंय?"

"लागलं नाही. भाजलंही नाही, चहा गारच होता. भांडतायत."

"भांडतायत म्हणजे ठीक आहेत," सबूर म्हणाला.

उतरताना विमान कुणी चालवायचं, हा कॅप्टनचा निर्णय. नियम त्याला परत मागण्याची मुभा देत होता. तो उजवीकडचा आकडा मान वळवून बघू शकला असता. तसं उतरवलं असतं, तर खाली निदान असं म्हणता आलं असतं की कॅप्टनने उतरवलं. त्याचे हात मांडीवर होते. ते त्याला ओळखीचे वाटू लागले होते, आणि तीच भीती होती: ओळखीचे हात पुन्हा सुकाणू मागतील.

"तूच उतरव," तो म्हणाला. "खरा आकडा तुझ्यासमोर आहे."

"सर, पण…"

"मी वेग वाचतो. मधल्या चौकटीवरून. तू हाक मारायची नाही आता, मी मारतो."

तो शेवटपर्यंत वाचत राहिला. चाकं टेकली. ब्रेक लागले. खिडकीबाहेर जग पुन्हा स्थिर आणि क्षुल्लक झालं: गवत, पट्टे, एक ट्रक, छत्री घेतलेला माणूस.

इंजिनं बंद झाल्यावरही दोघं बसून राहिले. दाराबाहेर प्रवासी उतरत होते. कुणीतरी ताईला विचारत होतं की यांना लायसन्स कोण देतं. धाकटी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवायचा प्रयत्न करत होती. ते फिरत नव्हतं. सबूरने बाटली घेतली, उघडून दिली.

"सर, मी जरा जोरात बोलले. आणि ते नाव…"

"जोरात नाही," सबूर म्हणाला. "उशिरा."

तिचे डोळे भरून आले. "तुम्ही हं म्हणालात, सर. पहिल्या हाकेला. मला वाटलं तुम्हाला कळलंय."

सबूर समोरच्या मेलेल्या पडद्यांकडे बघत राहिला. त्यात त्याचं तोंड दिसत होतं, काळपट आणि वाकडं. "मला काहीच कळलं नव्हतं," तो म्हणाला. "तो नुसता आवाज होता."

नळीतलं कोडं यंत्रज्ञांनी लवकरच सोडवलं. उघड्यावर उभ्या विमानात एका कुंभारीण माशीने डाव्या नळीच्या पोटाखालचं भोक चिखलाने लिंपून टाकलं होतं. ढगातलं पाणी नळीत साठलं. नळी तापवणारी तार अर्धी मेलेली होती. पुरती मेली असती तर दिवा लागला असता. पाणी गोठलं, नळीत जुनी हवा कोंडली गेली, आणि विमान जसजसं चढलं तसतसा तिचा आकडा खोटाच वाढत गेला.

म्हणजे सबूरला कारण मिळालं होतं. चांगलं, चिखलाचं, हातात धरता येण्याजोगं. धाकटीने मुख्य वैमानिकाला एवढंच सांगितलं होतं की यंत्र बिघडलं, आम्ही दोघांनी मिळून सावरलं. विमानातल्या काळ्या पेटीत आवाज नोंदवले गेले होते, पण आवाजांचे अर्थ लावता येतात. ‘हं’ म्हणजे ऐकलं, असाही लावता आला असता. मुख्य वैमानिकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून सबूरने ते सगळं स्वतःशी घोळवलं. डावी खुर्ची हाताच्या अंतरावर होती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

मुख्य वैमानिक उठून उभा राहिला. "सर, या. नळीचं कळलं. या वेळी दोष तुमचा नाही."

"नळी बिघडली, हे खरं," सबूर म्हणाला. तो बसला नाही. "पण नळीने नाक वर ओढलं नाही. मी ओढलं. पोरीने दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी तिथे नव्हतो. तिसऱ्यांदा तिने हातात घ्यायला बघितलं, तेव्हा मी सोडलं नाही."

"सर, हे तुम्ही बोलायलाच हवं असं नाही."

"हवं. ती यापुढे कुणा दुसऱ्याच्या शेजारी बसेल. तिला वाटत राहील की ती जोरात बोलली."

मुख्य वैमानिकाने पेन्सिल उचलली, ठेवली. "मला तुम्हाला उठवावं लागेल, सर."

"लागेलच," सबूर म्हणाला. "उठव. तुला मीच शिकवलंय."

घरी येऊन तो खुर्चीत बसला. बायको आतून म्हणाली, "चहा टाकू?" तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, चहा टाकू का?"

"टाक," तो म्हणाला. "मला चहा हवा आहे. साखर कमी घाल. आणि मला डाव्या खुर्चीतून उठवलं."

आत भांड्याचा आवाज थांबला. ती दारात आली. अशी पूर्ण तीन वाक्यं त्याने सलग कधी बोलली होती, ते ती आठवत असावी. तिने चहा टाकला नाही. त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. पूर्ण वाक्यात."

त्याने सांगितलं.

पुढचे महिने त्याने विमानाच्या खोट्या कॉकपिटमध्ये काढले, जिथे खिडकीबाहेरचं आभाळही यंत्र दाखवतं. शिकवणारा त्याचाच विद्यार्थी. तो वेगाचे आकडे बंद पाडायचा, कधी डावा, कधी उजवा, कधी सगळे. खटखटाट लावून द्यायचा. पहिल्या काही वेळा सबूरचे हात थेट सुकाणूवर गेले. शिकवणारा काही बोलायचा नाही, बोलायला संकोचायचा. सबूरच म्हणायचा, "पुन्हा लाव." सबुरी ही स्वभावात असते असं त्याला वाटत आलं होतं. ती स्वभावात नव्हती. कधीच न घाबरवला गेलेला माणूस सबूर असतोच. त्यात त्याचं काय?

शेवटी त्याला खुर्ची मिळाली. कायमची नाही. मागच्या घडीच्या आसनावर एक परीक्षक बसायचा आणि प्रत्येक उड्डाणानंतर ठरायचं.

अशा पहिल्या दिवशी उजवीकडे एक नवाच सहवैमानिक होता, शर्टाच्या घड्या अजून न मोडलेला. सबूरने त्याला ते शब्द सांगितले. सावकाश, नवीन असल्यासारखे. "मी चुकलो तर हाक मार. धड उत्तर नाही आलं तर दुसरी. मग विमान तुझं. आणि एक. मी ‘हं’ म्हटलं, तर ते उत्तर नव्हे. मी तिथे नाही असं समजायचं."

नवीन पोराने मान डोलावली. "हं."

मागे परीक्षकाला खोकला आला.

सबूर खुर्चीत वळला आणि त्या पोराकडे बघत राहिला. घाई नव्हती. विमान अजून जमिनीवर होतं.

"कळलं, सर," पोरगा गडबडून म्हणाला. "तुम्ही हं म्हणालात तर मी दुसरी हाक मारेन. मग विमान माझ्याकडे घेईन."

"हां," सबूर म्हणाला, आणि लगेच स्वतःला सावरून, "बरोबर आहे तुझं."

विमान सुटलं. शंभर. जुळतं. समोर ढग होते. त्याची नजर डाव्या आकड्यावर गेली आणि तिथे थांबू लागली. त्याने ती उचलली, मधल्या छोट्या चौकटीवर नेली, उजवीकडे नेली, परत क्षितिजावर आणली. ती पुन्हा डावीकडे गेली. त्याने पुन्हा उचलली. ढगांत शिरेपर्यंत तो तेच करत होता, आणि शिरल्यावरही.